अस्थी जातील तर वेदच्या हातून

अल ऐन
गुरुवार, ६ मार्च २०२५

चि. प्रल्हाद यास अनेक आशीर्वाद.

जेफ्रीचा किताब रुपर्टकडे गेला. लंडनच्या वकिलांनी काल तसं लेखी कळवलं. जेफ्री ॲशलॉक हा त्या घराण्यातला बारावा बॅरोनेट, आता त्याचा चुलतभाऊ रुपर्ट तेरावा. जेफ्रीचा आणि माझा वेद या मोजणीत कुठेच नाही.

हे फोनवरही सांगितलं असतं, पण फोनवर तू मला दुसरं वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून टाइप करतेय. सावकाश वाच.

किताबाबद्दल माझी तक्रार नाही. नावाआधी 'सर' लागतं आणि ते बापाकडून मुलाकडे जातं, एवढाच तो किताब. जमीनजुमला जेफ्रीच्या आजोबांनीच संपवला. पहिल्या ॲशलॉकने चारशे वर्षांपूर्वी राजाला पैसे देऊन तो विकत घेतला, हे जेफ्री स्वतःच हसत सांगायचा. पुढे एकजण घोड्यावरून पडून गेला, एकजण पाच मुलींनंतर मुलाची वाट बघत म्हातारा झाला, म्हणून गादी पुतण्याकडे गेली. जेफ्री इथे फलजच्या जुन्या कालव्यांचं पाणी मोजायला आला आणि त्या खजुरांच्या बागांतून परत गेलाच नाही. शेजारी त्याला शेवटपर्यंत मिस्टर जेफ म्हणत होते. दत्तक मुलाला किताब मिळत नाही, हे त्याने वेदला नाशिकहून आणण्याआधीच मला सांगितलं होतं. आणि मिळाला असता तरी उंटांचा डॉक्टर असलेला वेद तो काय त्या उंटांना दाखवणार होता?

पण रुपर्टने आणखी दोन गोष्टी लिहिल्यात. एक, अशा घराण्यांची जी जाडजूड सूची छापतात, तिच्यात जेफ्रीपुढे 'विनाअपत्य' असं येईल. दुसरी अस्थींची. त्यांच्या गावच्या चर्चखाली ॲशलॉकांचं तळघर आहे, तिथे जेफ्रीची आई आहे. मला आईजवळ ठेव, असं जेफ्रीने माझ्याकडून कबूल करून घेतलंय. त्यांच्यात रीत अशी की मागे राहिलेला वारस पेटी घेऊन पायऱ्या उतरतो आणि खाली म्हणतो, "मी अमुक. मी याच्यामागून येतो." रुपर्ट लिहितो की पेटी तो नेईल, आणि वेदला दुसऱ्या रांगेत बसवायला त्याला मनापासून आनंद वाटेल.

जानेवारीत इथल्या दाहगृहात बटण कोणी दाबलं? वेदने. तू माझ्या शेजारीच होतास. आता मुलगा दुसऱ्या रांगेत बसणार आणि ज्याने आजारपणात दोनदा ईमेल केला तो पेटी उचलणार? मी कळवलंय, अस्थी जातील तर वेदच्या हातून. नाहीतर जाणार नाहीत. जेफ्रीला दिलेला शब्द यात मोडू शकतो, हे मला कळतं. तेवढंच मनाला टोचतंय, बाकी काही नाही.

तुझ्याकडून एक काम हवंय. आपल्या हेदवकरांच्या कुलवृत्तांतात पणजोबा गोविंदराव दत्तक आल्याची नोंद आहे. त्यांच्यापुढे आपली सगळी शाखा. ते पान मला इंग्रजी करून रुपर्टला पाठवायचंय, म्हणजे वंशावळ कशी लिहितात ते त्याला कळेल. नव्या आवृत्तीसाठी आखातातली माहिती तूच गोळा केली होतीस. माझ्याकडे प्रत नाही. स्कॅन करून पाठव.

संजनाला आणि मिहिकाला आशीर्वाद.

ताई


मोहम्मद बिन झायद सिटी
सोमवार, १० मार्च

ती. ताईस सा. नमस्कार.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण रमजानमुळे ऑफिस दोनला सुटतं आणि मग घरी संजना मला कपाटं आवरायला लावते, त्यापेक्षा तुझं पत्र बरं.

दत्तक नामंजूर हे आपण आठवीच्या इतिहासात शिकलो. इंग्रजांची जुनीच खोड आहे ती. तेव्हा अख्खी संस्थानं घेतली, आता एक पेटी घेताहेत. यावर तू तलवार काढून निघणार हे मला दहनाच्या दिवशीच कळलं होतं, पण ताई, जरा प्रॅक्टिकल विचार कर. भावोजींची इच्छा काय होती? आईजवळ ठेवा. मग ठेवू दे. कोण नेतो याला काय महत्त्व? पेटी खाली गेली की खलास. वर सँडविच खातील आणि घरी जातील. तू त्या गावात परत कधी जाणार आहेस?

वेदला विचारलंस का? तो पोरगा शांत आहे. त्याला हे सगळं नको असेल.

आणि रुपर्टसाहेबाला आपली पानं दाखवून काय उपयोग? तो म्हणेल, व्हेरी इंटरेस्टिंग, आणि चहा ओतेल. कुलवृत्तांत आहे इथेच कुठेतरी. घर बदललं तेव्हा खोक्यांत गेला, खोकी स्टोअरमध्ये, स्टोअरची किल्ली वॉचमनकडे, आणि वॉचमन केरळला गेलाय. इन्शाल्ला शोधतो.

मिहिका म्हणते, "टेल आत्या शी इज अ रॉकस्टार." मी सांगणार नव्हतो, पण संजना इथे उभी आहे.

तुझा
प्रल्हाद


अल ऐन
रविवार, १६ मार्च

चि. प्रल्हाद यास आशीर्वाद.

वेदला विचारलं. तो म्हणाला, "आई, इट्स फाइन. आय विल सिट इन द सेकंड रो." मी म्हटलं, तू बसशील, पण मी तुझ्या शेजारी बसणार नाही, मी दारात उभी राहीन, आणि अस्थी माझ्या पर्समध्ये असतील. तेव्हा हसला.

रुपर्टचा फोन आला होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, आवाज सभ्य आहे. म्हणाला, "लतिका, नियम मी केलेला नाही." मी म्हटलं, मोडायलाही तुला कोणी सांगत नाही. किताब तू घे, पेटी वेदची. तो म्हणाला, ते वाक्य वारसाने म्हणायचं असतं, वेद कसं म्हणेल? मी म्हटलं, वेद जेफ्रीमागून आला नाही तर कोणाच्या मागून आला? त्यावर तो म्हणाला की जेफ्री असता तर त्याला हा तमाशा आवडला नसता. मी म्हटलं, पस्तीस वर्षं मी त्याच्याबरोबर राहिले, त्याला काय आवडलं नसतं हे मला दुसऱ्याकडून ऐकायची गरज नाही. मग त्याने गुडघेदुखीचं सांगितलं. त्या तळघराच्या पायऱ्या फार उभ्या आहेत म्हणे. असं असूनही पेटी त्यालाच न्यायचीय.

मी तिथल्या चर्चच्या धर्मगुरूंना, व्हिकरबाईंना, लिहिलंय. जेफ्रीच्या मृत्युपत्राची अंमलबजावणी वेदकडे आहे. बघू त्या काय म्हणतात.

तुझा वॉचमन केरळहून येईल तेव्हा येईल. डिस्कव्हरी गार्डन्सला ममताकडे कुलवृत्तांताची नवी आवृत्ती आहे, असं ती परवा बोलता बोलता म्हणाली. मावशीच्या मुलीकडे आपल्या घराण्याचं पुस्तक आहे आणि माझ्याकडे नाही, हीसुद्धा मजाच. शनिवारी तिच्याकडे जेवायलाच जातेय. पानाचा फोटो काढून आणेन, तू आता धडपडू नकोस.

ताई


मोहम्मद बिन झायद सिटी
सोमवार, १७ मार्च

ती. ताईस सा. न.

पान सोबत जोडलंय. खोकं सापडलं. ही जुनी आवृत्ती आहे, पण तुझ्या कामाला हीच बरी. गोविंदरावांचं सगळं व्यवस्थित आहे. 'मामांच्या घरातून दत्तक आले' असं स्वच्छ लिहिलंय.

नवी आवृत्ती वापरू नकोस. घाईघाईत छापली. करोनाचे दिवस, प्रुफं कोणी नीट बघितली नाहीत, चुकाच चुका आहेत. रुपर्टला असलं पुस्तक पाठवलं तर आपलंच हसं होईल. तेव्हा त्यासाठी एवढ्या लांब ममताकडे जायची गरज नाही. शनिवारी इथेच ये, सगळे मिळून इफ्तार बुफेला जाऊ, वेदलाही आण. संजना कधीची म्हणतेय.

व्हिकरबाईंना लिहिलंस ते उत्तम केलंस. तुझं बरोबर आहे, पेटी वेदनेच न्यायला हवी. मी आधी जे लिहिलं ते विसर.

प्रल्हाद


अल ऐन
रविवार, २३ मार्च

प्रल्हाद,

काल ममताकडे गेले होते. बुफेला आले नाही, त्याचं कारण तुला आता कळेल. आठवड्याभरात सूर बदलणारा माणूस तू नव्हेस, म्हणून सोमवारचं पत्र वाचूनच मला ते पान बघायची घाई झाली.

पान दोनशे अकरा. वर गोविंदराव, दत्तक. त्यांच्यापासून खाली रेघ, आजोबा, बाबा, मग आपण. तुझ्यापुढे पत्नी संजना, कन्या मिहिका, दोघींच्या पदव्यांसकट. माझ्यापुढे: 'लतिका. परदेशी विवाह. विनाअपत्य.'

ममताने पुस्तक माझ्या हातून काढून घेतलं आणि आमटी वाढली. तिला चार वर्षांपासून माहीत होतं. तिला वाटत होतं मलाही माहीत आहे.

रुपर्टने हा शब्द मला इंग्रजीत लिहिला, त्याच्या आधी तू तो मराठीत छापून आणला होतास. रुपर्टपुढे निदान कायदा आडवा येतो. तुझ्यापुढे काय आडवं आलं? वेद तुला मामा म्हणतो. तुझी गाडी शेख झायद रोडवर बंद पडली तेव्हा अल ऐनहून कोण आलं होतं? मिहिकाला गणित कोणी शिकवलं? दत्तक नामंजूर ही इंग्रजांची खोड म्हणालास. आपल्या पानावर ती कोणत्या इंग्रजाने आणली, तेवढं मला कळव.

मला माफी नको. माफीने पान बदलत नाही. मला छापील शुद्धिपत्रक हवंय. वेदचं नाव, दत्तक हा शब्द, आणि ते पुस्तक घेतलेल्या प्रत्येक हेदवकराच्या घरी गेलेलं. ते होईपर्यंत मला लिहू नकोस आणि फोनही करू नकोस. या दोन वंशावळींशी मी एकाच वेळी भांडू शकते, तेवढी ताकद माझ्यात आहे.

वेदला यातलं काही कळता कामा नये.

लतिका


अल ऐन
बुधवार, २ एप्रिल

प्रिय मामा,

मराठीत लिहितोय कारण इंग्लिशमध्ये लिहिलं तर तू जोक करशील. स्पेलिंग गूगलचं आहे, बाकी माझं.

ईदला तू आला नाहीस. आई फोनकडे बघत नाही आणि भांडी जोरात ठेवते. सो मला वाटतं तिने पान बघितलं.

मी ते चार वर्षांपूर्वी बघितलं होतं, ममता मावशीकडे. मराठी हळू वाचतो पण माझं नाव नाही हे शोधायला जास्त मराठी लागत नाही. मी डॅडला ट्रान्सलेट करून दाखवलं. डॅड म्हणाला, आईला आत्ता सांगू नकोस, तिच्याकडे भांडायला दुसरं काही नसेल तेव्हा सांग. मग ते राहिलं.

मी तुझ्यावर चिडलो होतो. एक महिना, मे बी दोन. मग तुझी गाडी बंद पडली आणि मी येताना ठरवलं की विचारतो. पण तू रस्त्याच्या कडेला उभा राहून टो ट्रकवाल्याशी "हबीबी, हबीबी" करत भांडत होतास, आणि मला हसायला आलं. मग विचारलं नाही.

मला सॉरी नको. माझ्या कामात चुकीच्या उंटाच्या चार्टवर काही लिहिलं गेलं तर आम्ही ते खोडतो, बरोबर लिहितो आणि खाली सही करतो. कोणी रडत नाही. तू पण तसंच कर.

आणि एक. मी आईला सेकंड रो चालेल म्हणालो होतो. आता नाही चालणार. आई लढते म्हणून नाही. शेवटचं वर्षभर डॅडला बेडवरून बाथरूमला मी उचलून नेलं. तो किती जड होता ते मला माहीत आहे, रुपर्टला नाही. पेटी मीच उचलणार.

यल्ला, बाय.
वेद


मोहम्मद बिन झायद सिटी
रविवार, २० एप्रिल

ती. ताईस सा. नमस्कार.

शुद्धिपत्रक छापायला गेलं. दत्तप्रसादकाकांनी आज सकाळी पुण्याहून तसं सांगितलं आणि मजकुराचा फोटोही पाठवला. सोबत जोडतोय: 'पृष्ठ २११. लतिका, पती जेफ्री ॲशलॉक (दिवंगत). पुत्र वेद, दत्तक, पशुवैद्य, अल ऐन.' कुलवृत्तांत मंडळाच्या सगळ्या सभासदांना टपालाने जाईल. तू लिहू नकोस म्हणाली होतीस, ही अट पुरी झाली असं समजून लिहितोय.

काका संपादक म्हणून फार कडक माणूस. पहिल्या फोनला म्हणाले, "अपत्य औरस की दत्तक असा रकाना होता, तू तो रिकामा सोडलास. रिकाम्याचा मी अर्थ लावला." ते खरं आहे. का रिकामा सोडला ते मी इथे लिहीत बसत नाही, तुला माहीत आहे आणि त्यात माझी शोभा नाही.

दुसऱ्या फोनला म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू. पुढची आवृत्ती म्हणजे वीस वर्षं. मी म्हटलं, काका, तेव्हा तुमच्या नावापुढेच दिवंगत लागेल. ते रागावले. तिसऱ्या फोनला म्हणाले, "प्रल्हाद, मुलगा मुलीचा, आडनाव इंग्रजी, जन्म कोणाचा माहीत नाही. मंडळात लोक विचारतील." साइटवर होतो, मागे ड्रिलिंग चाललेलं, त्यामुळे मला ओरडूनच बोलावं लागलं. म्हटलं, मुलींची मुलं आपण छापतो की नाही? म्हणाले, छापतो, पण. मी म्हटलं, पण काय? मग गोविंदरावांनाही काढा. ते गेले की आजोबा जातात, बाबा जातात, मी जातो, तुम्हीही त्याच शाखेतले, तुम्हीही जाता. मुखपृष्ठ तेवढं राहील, ते वाटा सभासदांना. आमचा कन्सल्टंट इजिप्शियन आहे, त्याला एक अक्षर कळलं नसणार, पण त्याने थांबून माझ्यासाठी पाणी आणलं.

काकांनी आतून पेन मागवलं. मग म्हणाले, "पशुवैद्य लिहू की प्राण्यांचे डॉक्टर?"

आता मुद्द्याचं. तू लंडनला जाताना मला यायचंय. व्हिसाला अर्ज केलाय.

प्रल्हाद

ता.क. वेदने मला पत्र लिहिलं होतं. काय लिहिलं ते त्याला विचार. मी सांगणार नाही.


अल ऐन
रविवार, ११ मे

चि. प्रल्हाद यास आशीर्वाद.

अस्थी वेदच्याच हातून स्वीकारणार. व्हिकरबाईंनी शुक्रवारी तसं कळवलं. मृत्युपत्राची अंमलबजावणी ज्याच्याकडे, तो सांगेल त्याच्याकडून त्या पेटी घेतील, आणि तो स्वतःच उतरणार असेल तर त्यांची हरकत नाही. त्यांनी हे रुपर्टलाही लिहिलं. त्याचं मला उत्तर आलं, एकाच ओळीचं: पेटीबद्दल त्याला काही म्हणायचं नाही, पण ते वाक्य तोच म्हणेल. मी उत्तर दिलेलं नाही. गोविंदरावांचं पान मात्र त्याला पाठवलं, आणि तुझं शुद्धिपत्रकही, दोन्हींचं इंग्रजी करून. वर लिहिलं की आमच्याकडेही ही चूक झाली होती, आम्ही ती महिन्याभरात दुरुस्त केली.

सूचीत 'विनाअपत्य' येणारच. संपादकांचं म्हणणं, त्यांचा तो शब्द फक्त किताबापुरता असतो. मी त्यांना दर वर्षी एक पत्र पाठवणार आहे. त्यांच्याकडे फाइल असेलच, ती जाड होऊ दे.

वेदला विचारलं, मामाला काय लिहिलंस. म्हणाला, उंटांबद्दल. मग त्याने ममताकडे ते पान बघितल्याचं सगळं सांगितलं. जेफ्रीलाही ठाऊक होतं, हे ऐकून मला आधी राग आला, मग त्या माणसाशी भांडता येत नाही म्हणून रडू आलं. वेद शेजारी बसून राहिला. तुझ्याबद्दल एवढंच म्हणाला, "मामा फिक्स्ड इट, ना?" मी हो म्हटलं. माझा राग अजून पुरता गेलेला नाही, पण हो म्हटलं.

तुझा व्हिसा वेळेत येत नाही हे संजनाने कळवलं. वाईट वाटलं. रुपर्टशी हवापाण्याच्या गप्पा मारायला कोणीतरी हवं होतं, ते काम तू केलं असतंस.

आम्ही गुरुवारी निघतो. पेटीचे कागद वेदच्या बॅगेत, पेटी त्याच्या मांडीवर. शनिवारी सकाळी अकराला चर्च उघडेल. रुपर्टने आपले दोन पुतणे बोलावलेत आणि तो पायऱ्यांच्या तोंडाशी उभा राहणार, असं व्हिकरबाई म्हणाल्या. मधोमध उभा राहील असं धरून आम्ही चाललो आहोत. मी वेदला विचारलं, तो बाजूला झाला नाही तर? म्हणाला, "आई, उंट हलेपर्यंत मी तास तास थांबतो. रुपर्ट इज नॉट दॅट बिग."

ते वाक्य त्याने पाठ केलंय, आधी इंग्रजीत म्हणेल आणि मग मराठीत. खाली उतरू दिलं तर खाली, नाहीतर तिथेच वर, सगळ्यांसमोर: "मी वेद. मी याच्यामागून येतो."

ताई